घाटात लोडवर पिकअप दम तोडतेय, कोड पी००८७ येतोय, पंप बदलू की थांबू?

पावस_बागवाला

नमस्कार मंडळी. गाडी दीड टनी डिझेल पिकअप, २०१८ ची, बीएस४ (धुराचे सरकारी नियम), कॉमन रेल (एकाच जाड पाइपातून, म्हणजे रेलमधून, सगळ्या इंजेक्टरना म्हणजे डिझेल फवारणाऱ्या नोझलना दाबाचं डिझेल), चार सिलिंडर. माल हापूस, पावसहून कोल्हापूर मार्केट यार्डला. हातखंबा, पाली, नाणीज सगळं व्यवस्थित जातं, लोड घेऊन गाडी मस्त पळते. साखरपा सोडलं आणि आंबा घाटाचा चढ लागला की त्रास सुरू. तिसऱ्या गिअरला पाय दाबून धरला की आधी एक बारीक झटका येतो, मग ओढ कमी कमी होत जाते, मग चेक लाईट लागते आणि त्यानंतर कितीही दाबा, अडीच हजार आरपीएमच्या वर जातच नाही. बाजूला घेऊन चावी बंद केली, थोडा वेळ थांबून परत मारली की काही झालंच नव्हतं अशी निघते आणि पुढे दोन-तीन वळणं गेली की परत तेच. येताना रिकामे क्रेट असतात आणि घाट उतार, तेव्हा काहीच होत नाही.

गॅरेजला स्कॅनर लावला तर कोड पी००८७, म्हणजे रेल प्रेशर कमी. डिझेल फिल्टर नवीन टाकला, फरक शून्य. आता मिस्त्री म्हणतात हाय प्रेशर पंप गेला, बदलावा लागेल, ७० हजारांच्या आसपास धरून चला, इंजेक्टरपण उघडून बघू. सीझन ऐन भरात आहे, उतरवलेला माल थांबत नाही आणि गाडी आठ दिवस उभी ठेवणं परवडणारं नाही. पंप बदलण्याआधी अजून काय तपासता येईल? घरी मल्टिमीटर आहे, मोबाईलवर चालणारा ब्लूटूथवाला छोटा स्कॅनरपण आहे.

करवीर_डिझेल

भावा थांब, पंपाला अजून हात लावू देऊ नको. माझं कोल्हापुरात पंप-नोझलचं काम आहे, पंप बदलला तर धंदा आमच्यासारख्यांचाच होतो, तरी सांगतो, आधी मोजायचं आणि मग उघडायचं.

पी००८७ चा अर्थ एवढाच की ईसीयूनं, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरनं, जेवढं प्रेशर मागितलं तेवढं रेलमध्ये भरलं नाही. का भरलं नाही ते कोड सांगत नाही. डिझेल टाकीतल्या जाळीतून वर येतं, लाईननं फिल्टरला जातं, तिथं पाणी वेगळं होतं, पुढे तुझ्या गाडीला फीड पंप हाय प्रेशर पंपाच्या पाठीलाच गिअर पंप म्हणून बसवलेला असणार, तो हे सगळं ओढून घेतो, मग मीटरिंग व्हॉल्व्ह ठरवतो किती आत सोडायचं, मग पिस्टन दाबतात, मग रेल, मग इंजेक्टर, आणि उरलेलं रिटर्ननं परत टाकीत. एवढ्या वाटेवर कुठंही अडलं किंवा कुठंही गळलं तरी कोड एकच, पी००८७. पंप त्या वाटेवरचा सगळ्यात महाग तुकडा आहे म्हणून पहिला संशय त्याच्यावर जातो, पण माझ्याकडे "पंप गेला" म्हणून येणाऱ्या गाड्यांत बऱ्याच वेळा पंप टेस्ट बेंचवर चांगला निघतो.

तू लिहिलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बंद करून थोडं थांबलं की गाडी बरी होते. झिजलेला पंप असा थोडा वेळ थांबून बरा होत नाही, उलट गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेला पंप गरम झाल्यावर जास्त त्रास देतो. थांबल्यावर सुटणारी गोष्ट म्हणजे ओढ लागल्यावर अडणारं काहीतरी. इंजिन चालू असताना कचरा जाळीला चिकटतो, ओढ थांबली की सुटून खाली बसतो.

आता एवढं सांग, गाडी गरम असताना, म्हणजे तासभर चालवून चहाला थांबलास आणि परत सेल्फ मारलास तर पटकन लागते का? आणि सकाळी थंडीला जास्त सेल्फ मारावा लागतो का?

पावस_बागवाला

दादा गरम असताना अर्ध्या सेल्फला लागते. सकाळीपण एका सेल्फला लागते, कधी किंचित जास्त, पण त्रास असा नाही.

सांगली_ट्रान्सपोर्ट

माझ्या गाडीला डिट्टो हाच कोड होता आणि निघाले इंजेक्टर. रिटर्न टेस्ट करा आधी, ती फुकटात होते. चारही इंजेक्टरच्या रिटर्नच्या बारक्या नळ्या काढायच्या, प्रत्येकाला एकेक सारखी नळी लावून सारख्या बाटलीत सोडायची, मूळ रिटर्नचं तोंड बंद करायचं, मग गाडी आयडलला दोन मिनिटं आणि नंतर थोडी रेस धरून एक मिनिट. चारही बाटल्या साधारण सारख्या भरल्या तर इंजेक्टर ठीक. एकच बाटली दुप्पट-तिप्पट भरली तर तो इंजेक्टर आतून गळतोय आणि पंपानं तयार केलेलं प्रेशर तिथनं वाया जातंय. माझ्या गाडीत तीन नंबरची बाटली भरून वाहायला लागली तेव्हा बाकीच्या निम्म्याही नव्हत्या.

करवीर_डिझेल

बरोबर आहे, रिटर्न टेस्ट करायलाच पाहिजे, फक्त ही सोलेनॉइड, म्हणजे वीजचुंबकानं उघडणाऱ्या इंजेक्टरला चालते. पिझो, म्हणजे स्फटिकानं उघडणारे इंजेक्टर असतील तर रिटर्न लाईनला थोडं प्रेशर लागतं, तिथं अशा नळ्या उघड्या सोडायच्या नाहीत. बागवाल्यांच्या गाडीला सोलेनॉइडच असणार. पण दादा तुमची गाडी गरम असताना लागायला त्रास देत होती का?

सांगली_ट्रान्सपोर्ट

हो, गरम झाली की सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची. थंड असली की ठीक.

करवीर_डिझेल

तेच म्हणतोय. इंजेक्टर गळत असले किंवा पंप झिजला असला की गरम स्टार्टिंगला पहिला फटका बसतो, कारण सेल्फवर पंप हळू फिरतो, गाडी लागायला रेलमध्ये साधारण दोनशे बार (बार म्हणजे दाबाचं माप) तरी उभे राहायला लागतात, आणि पातळ झालेलं डिझेल गळून ते उभे राहत नाहीत. पावसवाल्यांची गाडी गरम असताना अर्ध्या सेल्फला लागते. म्हणजे दोन्ही गोष्टी अगदी बाद झाल्या असं नाही, पण संशय खाली, टाकीकडं सरकतो.

जुना_फोरमन

मी बरीच वर्षं वर्कशॉपमध्ये काढली, आता निवृत्त आहे. डायग्नोसिस करवीरवाले योग्य दिशेनं नेतायत, त्यात मी पडत नाही. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी, विशेषतः घरी पाना हातात घेणाऱ्या तरुण मुलांनी, नीट वाचा.

जुन्या इनलाईन पंपाच्या गाड्यांत कुठला सिलिंडर मारत नाही ते बघायला आम्ही इंजिन चालू ठेवून नोझलच्या पाइपचा नट एकेक करून सैल करायचो. त्या नोझल दोनशे-अडीचशे बारला उघडायच्या. कॉमन रेलमध्ये लोडवर चौदाशे-सोळाशे बार असतात आणि रेल कायम भरलेली असते. तिथं चालू गाडीत नट सैल करणं म्हणजे जीवाशी गाठ आहे. डिझेलची सुईसारखी धार कातडीतून, हातमोज्यातून थेट आत जाते. वरून फक्त एक टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतसुद्धा नाही फारसं, म्हणून माणूस पुसून कामाला लागतो आणि काही तासांत हात सुजून काळानिळा होतो. असं झालं तर वाट बघायची नाही, मलम लावायचं नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलला जायचं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की हाय प्रेशरचं डिझेल आत गेलंय. ह्याला ऑपरेशन लागतं, उशीर झाला तर बोट किंवा हात काढावा लागतो.

गळती शोधायची तर पुठ्ठा धरा, हात कधीही फिरवू नका. गाडी बंद केल्यावरही थोडा वेळ जाऊ द्या, स्कॅनरवर रेल प्रेशर शून्याला आलेलं बघा आणि मगच पाना लावा. आणि कुठलाही नट उघडायच्या आधी आजूबाजूचं सगळं ब्रशनं धुऊन घ्या, एक धुळीचा कण आत गेला तरी इंजेक्टर खराब होतो.

पावस_बागवाला

काका मनापासून आभार. मी हाय प्रेशर बाजूला हातच लावणार नाही.

लाईव्ह डेटा घेतला. भाच्याला शेजारी बसवून मोबाईल त्याच्या हातात दिला आणि लोड घेऊन घाट चढलो, त्यानं स्क्रीन रेकॉर्ड केली. चावी ऑन, इंजिन बंद असताना रेल प्रेशर शून्य दाखवतं. आयडलला मागणी २८० बार, प्रत्यक्ष २७५ ते २८५. सपाटीला मागणी आणि प्रत्यक्ष बरोबरीनं चालतात. चढाला मागणी १३५० च्या आसपास गेली, प्रत्यक्षपण आधी तेवढंच होतं, मग १२५०, ११००, ९०० असं खाली येत गेलं, आणि मग लाईट लागली. मीटरिंग व्हॉल्व्हचा आकडा त्या वेळी एका टोकाला जाऊन चिकटलेला दिसतो, हालतच नाही.

करवीर_डिझेल

भावा काम केलंस, भाच्यालापण शाबासकी दे. ह्या रेकॉर्डिंगमधनं निम्मं काम झालं.

पहिलं, इंजिन बंद असताना शून्य दाखवतं म्हणजे सेन्सर साधारण बरोबर बोलतोय. मल्टिमीटर आहे तर त्याच वेळी सेन्सरच्या सिग्नल वायरीवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास मिळायला पाहिजे आणि सप्लायवर ५ व्होल्ट, एवढं बघून घे. इंजिन बंद असताना स्कॅनर तीस-चाळीस बार दाखवत असता तर आपण सेन्सर धरला असता.

दुसरं, प्रेशर घसरत खाली आलं, उडी मारून नाही. वायर तुटकी असली, कनेक्टर ढिला असला, तर आकडा एकदम १३५० वरनं शंभरवर जातो आणि परत वर येतो, ग्राफला सुळे दिसतात. तुझा आकडा हळूहळू उतरतोय. म्हणजे वायरिंग नाही, डिझेलच कमी पडतंय.

तिसरं, मीटरिंग व्हॉल्व्ह टोकाला जाऊन बसलाय, म्हणजे ईसीयूनं दार पूर्ण उघडलं, त्याच्या हातात होतं ते सगळं केलं, तरी मागणी पुरी होत नाही. आता प्रश्न एवढाच उरतो की दारापर्यंत डिझेल येतच नाही, का आत आलेलं डिझेल पुढे कुठंतरी गळतंय. सांगलीवाल्यांची बाटल्यांची टेस्ट पुढच्या बाजूचं उत्तर देईल. मागच्या बाजूसाठी व्हॅक्यूम गेज लागतो.

मस्कत_गॅरेज

मूळ चिपळूणचा, इथे ओमानमध्ये वर्कशॉपला आहे, रोज पिकअपच बघतो. व्हॅक्यूम गेजबद्दल थोडं सांगतो कारण ही टेस्ट आपल्याकडे फार कमी लोक करतात आणि खरंतर कमी प्रेशरच्या बाजूला ह्यापेक्षा खरं बोलणारं दुसरं काही नाही.

फिल्टर आणि पंपाच्या मधे टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून व्हॅक्यूम गेज लावा, आणि शक्य असेल तर तिथेच वीतभर पारदर्शक नळी बसवा, जी डिझेलला चालते ती. आता गाडी उभ्या उभ्या आयडलला बघा आणि मग साडेतीन हजारला मिनिटभर धरा. गेजचा काटा वाढतच गेला म्हणजे पंप ओढतोय पण मागून येत नाही, मागे काहीतरी तुंबलंय. काटा फारसा हलला नाही पण नळीत बुडबुडे दिसतायत म्हणजे कुठूनतरी हवा घेतोय, सैल क्लिप, फिल्टरचं रबर, हातपंपाचा व्हॉल्व्ह. आणि काटापण शांत, बुडबुडेपण नाहीत, तरी प्रेशर पडतंय, तर मग फीड पंप ओढायलाच कमी पडतोय किंवा दोष पुढच्या बाजूला आहे, आणि तेव्हाच पंपाची चर्चा करायची.

व्हॅक्यूम जास्त निघाला तर टी फिल्टरच्या आधी नेऊन लावा. तिथे कमी दाखवलं तर अडथळा फिल्टरमध्ये, तिथेपण तेवढंच दाखवलं तर अडथळा अजून मागे, लाईन किंवा टाकी. असं निम्मं निम्मं करत जायचं.

आणि हो, सगळ्यात आधी टाकीचं झाकण सैल करून एकदा घाट चढून बघा. टाकीला हवा घ्यायची वाट चिखलानं बुजली असेल तर टाकीतच व्हॅक्यूम तयार होतो. झाकण उघडताना सूं करून हवा आत गेल्याचा आवाज आला तर तिथेच उत्तर मिळालं.

फोंडा_रायडर

एक विचारू का, डिझेलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल थोडं टाकलं तर पंपाला वंगण मिळून प्रेशर सुधारतं असं आमच्याकडे बरेच जण सांगतात. करून बघावं का?

करवीर_डिझेल

नको. डिझेलमधलं गंधक कमी केलं की त्याचा स्वतःचा वंगणपणा कमी होतो हे खरं आहे. देशभर बीएस४ लागू झालं १ एप्रिल २०१७ ला तेव्हा मर्यादा ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) होती, बीएस६ आलं १ एप्रिल २०२० ला तेव्हा १० वर आली. पण कंपन्या ती कमतरता रिफायनरीतच भरून काढतात, वंगणपणाची वेगळी टेस्ट आणि मर्यादा स्टँडर्डमध्ये आहे. वरनं टू-स्ट्रोक ऑइल ओतलं तर त्याची राख इंजेक्टरच्या टोकाला आणि पुढे सायलेन्सरच्या फिल्टरला त्रास देते. आणि तुंबलेली जाळी ऑइलनं सुटत नाही.

पंप खरा मरतो तो रॉकेलच्या भेसळीनं आणि पाण्यानं. रॉकेल पातळ, पंपातला लोखंडावर लोखंड घासणारा भाग वंगणाशिवाय चालतो आणि बारीक चुरा सुटतो, तो चुरा रेलमधनं इंजेक्टरात जातो आणि मग सगळंच बदलावं लागतं. पैसे वाचवायला सुट्टं, बिल नसलेलं डिझेल भरणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, करू नका. पेट्रोलपंपावर घनता तपासून मागायचा आपल्याला हक्क आहे, ते देतात, मागा.

पावस_बागवाला

झाकण सैल करून घाट चढलो, फरक नाही, आवाजपण आला नाही. म्हणजे ते बाद.

बाटल्यांची टेस्ट गावातल्याच एका ओळखीच्या मेकॅनिकनं करून दिली. चारही जवळजवळ सारख्या, एक किंचित वर, पण बोटभरसुद्धा नाही.

गेजची टेस्ट: फिल्टर आणि पंपाच्या मधे आयडलला ०.१ बारच्या आसपास. साडेतीन हजारला धरली तर ०.२, ०.३ असं वाढत जाऊन ०.५ च्या वर गेला आणि सोडल्यावरही काटा लगेच खाली आला नाही, हळूहळू आला. पारदर्शक नळीत बुडबुडे नाहीत. मग गेज फिल्टरच्या आधी लावला तर तिथेपण जवळजवळ तेवढंच.

मस्कत_गॅरेज

झालं मग. तुमचा अडथळा फिल्टरच्या मागे आहे. पंप बिचारा जीव तोडून ओढतोय. आता कॅन टेस्ट करून पक्कं करा. स्वच्छ कॅनमध्ये पंपावरचं ताजं डिझेल, नवीन नळी, थेट फिल्टरच्या इनलेटला. रिटर्नपण त्याच कॅनमध्ये आणा, नाहीतर कॅन बघता बघता रिकामा होईल, कारण पंप इंजिन जाळतं त्याच्या कितीतरी पट डिझेल नुसतं फिरवत असतो. कॅन टाकीच्याच उंचीला ठेवा. उंचावर ठेवलात तर डिझेल स्वतःहून उतारानं येतं आणि कमजोर फीड पंपसुद्धा चांगला वाटतो. उभ्या गाडीतच करा, सायलेन्सरपासून लांब, गाडी हलवू नका. गेज परत वाचा.

पावस_बागवाला

केलं. कॅनवर साडेतीन हजारला मिनिटभर धरूनही काटा ०.१५ च्या वर गेला नाही. रात्रीच टाकी उतरवतो.

जुना_फोरमन

टाकी उतरवताना डिझेल आधी पूर्ण काढून घ्या, जॅक लावून खाली घ्या, एकट्यानं नको. टाकीजवळ वेल्डिंग, ग्राइंडर काही चालू ठेवू नका. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची, आत वाफ असते.

पावस_बागवाला

मंडळी, सापडलं. एक नाही, दोन गोष्टी सापडल्या.

टाकीतल्या सक्शन पाइपच्या खालच्या टोकाची जाळी अर्ध्याहून जास्त बुजलेली. कचरा म्हणजे वाळू-माती नव्हे, काळपट तपकिरी, बोटावर घेतला तर शेंबडासारखा चिकट, तार धरणारा. टाकीच्या तळाला पाण्याचा थर आणि त्या थराच्या वर हीच घाण पसरलेली. वास डिझेलचा नाही, आंबल्यासारखा.

दुसरी गोष्ट जास्त विचित्र. टाकीच्या वरून चासीच्या लोखंडी पाइपला जोडणारी वीतभर रबरी होज आहे. वरून अगदी चांगली, ना भेग, ना ओल. मेकॅनिकनं सहज म्हणून ब्लेडनं उभी चिरली तर आतलं अस्तर बाहेरच्या रबरापासून सुटून आत झडपेसारखं लोंबत होतं. डिझेल हळू ओढलं तर कडेनं जातं, जोरात ओढलं की ते अस्तर आडवं येऊन वाट बंद करतं.

मस्कत_गॅरेज

क्या बात है, होज चिरून बघितली हे फार बरं झालं. अशी होज बाहेरून बघून कधीच कळत नाही. शहाळ्यात चिमटलेला स्ट्रॉ जसा हळू ओढलं तर पाणी देतो आणि जोरात ओढलं की चपटा होतो, तसंच हे. म्हणूनच गाडी सपाटीला ठीक होती आणि घाटात मरत होती, आणि म्हणूनच काटा लगेच खाली येत नव्हता.

तो चिकट पदार्थ म्हणजे डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे वाढणारी बुरशी आणि जिवाणू. पाणी नसेल तर ते वाढत नाहीत. कोकणातल्या दमट हवेत टाकी अर्धी रिकामी राहिली की रात्री आतल्या भिंतीला दव धरतं आणि तेच पाणी तळाला साठतं. डिझेल कुठून भरता?

पावस_बागवाला

पंपावरूनच भरतो, पण बागेत फवारणीच्या पंपासाठी डिझेलचा ड्रम असतो, पावसाळाभर शेडमध्ये पडून असलेला. उरलेलं त्यातलं गाडीत ओतलं होतं जानेवारीत.

करवीर_डिझेल

तो ड्रम रिकामा कर, त्यातलं आता फवारणीच्या पंपालापण वापरू नको. गाडीची टाकी नुसती डिझेलनं खळबळून भागणार नाही, ती घाण भिंतीला चिकटून राहते आणि महिनाभरात परत वाढते. आतनं पूर्ण पुसून, स्वच्छ डिझेलनं दोन-तीनदा धुऊन, उन्हात कोरडी कर. पाण्यानं धुवायची नाही. नवा फिल्टर आता टाकलेला असला तरी परत बदल, आणि पुढचा एक फिल्टर लवकर बदल, कारण लाईनमधली उरलेली घाण त्यात येणार. दर आठवड्याला फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून पाणी सोडत जा, पावसाळ्यात तर जास्तच.

आणि आता काढलेला फिल्टर फेकू नको. कापून त्याचा कागद पांढऱ्या कपड्यावर पसर, चुंबक फिरव. त्यात फक्त काळी घाण असली तर ठीक. मीटरिंग व्हॉल्व्हपाशी मात्र चांदीसारखी चकाकती बारीक पूड दिसली तर मला सांग, कारण उपाशी पंप बराच काळ चालला की आतनं घासला जातो. तो व्हॉल्व्ह काढायचं काम आमच्यासारख्या दुकानातच, स्वच्छ टेबलावर, उघड्यावर नाही.

फोंडा_रायडर

होज कुठली घ्यायची? दुकानात पाण्याची पण तशीच दिसते.

करवीर_डिझेल

फ्युएल होज म्हणूनच मागायची, वर डिझेल लिहिलेलं आणि आत दोऱ्याचं विणकाम असलेली, सक्शनला चपटी होणार नाही अशी. हवेची, रेडिएटरची किंवा पारदर्शक प्लास्टिकची कायमची लावायची नाही, ती पारदर्शक नळी फक्त टेस्टपुरती. बोअर मूळ होजचाच, बारीक घेतला तर परत तोच आजार. क्लिप पूर्ण गोल दाबणारी घे, तारेची नको, तार रबरात रुतते आणि तिथनं हवा घेते. जमलं तर त्या लाईनवरच्या बाकीच्या रबरी होजपण एकदाच बदलून टाक, वय सगळ्यांचं सारखंच आहे.

पावस_बागवाला

टाकी साफ, जाळी नवी, होज सगळ्या नव्या, फिल्टर नवा. हातपंपानं एअर काढली, एका सेल्फला लागली. पूर्ण लोड घेऊन आंबा घाट चढलो, भाचा मोबाईल घेऊन शेजारी. मागणी १४०० पर्यंत गेली, प्रत्यक्ष तिच्या वीस-तीस बारच्या आत, वरपर्यंत. मीटरिंग व्हॉल्व्हचा आकडा कुठेही टोकाला गेला नाही. मलकापूरपर्यंत एक लाईट नाही. जुन्या फिल्टरच्या कागदात चुंबकाला काही लागलं नाही. माल वेळेत यार्डात. सगळा खर्च मिळून पंपाच्या किमतीच्या आसपासही नाही. करवीरदादा, मस्कतवाले दादा, काका, सांगलीकर, तुमचे उपकार विसरणार नाही, पुढच्या खेपेला करवीरदादांच्या दुकानी पेटी पोचती करतो.

निफाड_पिकअप

हा धागा वाचून आशा आली. माझी बीएस६ आहे, २०२१ ची, द्राक्षाच्या क्रेटची गाडी. तिलापण पी००८७ येतो, पण उलटं, रस्त्यावर काही नाही, सकाळी पहिल्या स्टार्टला लांब सेल्फ मारावा लागतो आणि तेव्हाच कोड. मीपण टाकी उतरवू का?

मस्कत_गॅरेज

नाही, तुमची लक्षणं वेगळी आहेत. रात्रभर उभी राहून सकाळी लांब सेल्फ म्हणजे बहुतेक लाईनमधलं डिझेल रात्रीत टाकीकडे परत उतरतंय, कुठूनतरी हवा शिरतेय. तुमच्या गाडीत टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर आधी एवढं करा: चावी ऑन करून टाकीजवळ कान द्या, दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू येते का बघा. मग सेल्फ न मारता चावी ऑन-ऑफ तीन-चार वेळा करा आणि मग सेल्फ मारा. पटकन लागली तर लाईन रिकामी होतेय हे पक्कं, मग फिल्टरच्या झाकणाचं रबर, क्विक कनेक्टरच्या ओ-रिंगा आणि टाकीतल्या पंपाचा उलटं न जाऊ देणारा व्हॉल्व्ह ह्या क्रमानं जा. गुणगुणच नसेल तर फ्यूज आणि रिले बघा. आणि तसा पंप असेल तर तुमच्यात फिल्टरच्या आधी व्हॅक्यूम नाही, प्रेशर असतं, त्यामुळे साधा प्रेशर गेज लावा, किती बार पाहिजे तो आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. चावी बंद केल्यावर ते प्रेशर किती वेळ टिकतं ते इथे लिहा.